पहिली वेलांटी

३ मार्च, मंगळवार

मला पुसून टाकलं! एका हुकमात. आणि पुसणारी माझी सख्खी नात.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात रिकामा कप. म्हणाली, "आजी, वडीलधारी गेलं." मी म्हटलं, "कोण गेलं? मी तर इथे आहे." एरवी हसली असती. आज नाही. कप ओट्यावर ठेवला आणि परत जाऊन त्या काळ्या खिडकीपुढे बसली.

काळी खिडकी म्हणजे तिच्या संगणकातली. चित्र नाही, बटण नाही, नुसती काळी पाटी. तिच्यात हुकूम टाईप करायचा आणि एंटर मारायचं. की झालं काम. किंवा झाला घोळ.

आज घोळ झाला.

४ मार्च, बुधवार

काल रागात नुसतंच बोलले. आज नीट सांगते. सांगते कोणाला, तर या वहीलाच. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ही बोलकी वही लिहिते. वाच म्हटलं की माझंच बोलणं मला ऐकवते, पण नाकात. जणू माझीच थोरली बहीण, सर्दी झालेली.

ही वही नात आणि तिची मंडळी बनवतात. मंडळी सगळीकडे विखुरलेली, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. वहीचं काम वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेलं असतं. मंडळी त्यांना रेपो म्हणतात, मी कपाटं म्हणते. ऐकण्याचं कपाट वेगळं, लिहिण्याचं वेगळं, वाचून दाखवण्याचं वेगळं. आणि प्रत्येक कपाटात तक्रारींचा ढीग. हे चालत नाही, ते अडतं, अमुक ऐकू येत नाही. ढिगात काही सापडावं म्हणून प्रत्येक तक्रारीवर रंगीत लेबल. लाल म्हणजे आधी हे बघा. निळं म्हणजे नव्या माणसाला जमेल असं.

पण माणसं तितक्या तऱ्हा! एका कपाटात 'तातडीचं', दुसऱ्यात 'लवकर', तिसऱ्यात नुसतीच तीन उद्गारचिन्हं. म्हणून नातीनं एक अवजार बनवलं. नाव ठेवलं 'मेळ'. एका यादीत सगळी लेबलं लिहायची, काळ्या खिडकीत म्हणायचं 'मेळ लाव', की सगळ्या कपाटांत तीच नावं, तेच रंग. जुन्या नावापुढे नवं नाव लिहिलं तर मेळ नाव बदलतो, तक्रारीवरचं लेबल जागच्या जागी राहतं. पण यादीत जे नाहीच, ते सोलून काढतो. सगळीकडून.

'वडीलधारी' असं एक लेबल होतं. आम्हा म्हाताऱ्यांच्या अडचणींवर लावलेलं. ते शिडीनं केलं होतं.

शिडीबद्दल उद्या. घसा बसला.

५ मार्च, गुरुवार

शिडी म्हणजे नातीची मैत्रीण. नाव वेगळं आहे, मी शिडी म्हणते. माळ्यावरचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं नाही. या घरात, मागच्या खोलीत राहायची. दोघी मिळून काम करायच्या, मेळसुद्धा दोघींनीच सुरू केला. नातीला मी मास्तरीण म्हणते. कारण? कोणी काही लिहिलं की हिची नजर आधी वेलांटीवर!

काल विचारलं, "अगं, ही वेलांटी असते तरी कशी?"

"आजी, अक्षराच्या डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. डावीकडून आला तर पहिली, उजवीकडून आला तर दुसरी."

"आणि त्यानं काय होतं?"

"शब्द शुद्ध होतो. नाहीतर अशुद्ध."

"बोलताना?"

"बोलताना फारसं कळत नाही."

घोळ तिथेच आहे. वडीलधारी. शिडीनं लेबल लिहिलं तेव्हा 'डी'ला पहिली वेलांटी दिली. चूक! दुसरी हवी. परवा मास्तरणीला त्या लेबलाचं नाव बदलून 'ज्येष्ठ' करायचं होतं. तिनं यादीत जुनं नाव लिहिलं, आणि लिहिताना हात आपोआप शुद्ध वळला. दुसरी वेलांटी. मेळ बिचारा मुकाट नोकर. त्यानं पाहिलं, या नावाचं लेबल कुठेच नाही, तेव्हा बदलायला काही नाही. नवं 'ज्येष्ठ' केलं, कोरं. आणि पहिल्या वेलांटीचं कुठलंसं लेबल दिसतंय, ते यादीत नाही. तेव्हा सोला!

शुद्ध लिहिलं म्हणून पुसलं गेलं. अशुद्ध लिहिलं असतं तर राहिलं असतं.

मला तर दोन्ही सारखेच ऐकू येतात. या वहीनं आता कुठली वेलांटी घातली असेल, देव जाणे.

६ मार्च, शुक्रवार

मास्तरीण जेवली नाही. दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं.

९ मार्च, सोमवार

"आधी तालीम करतात ना गं?" मी विचारलं. मेळला 'तालीम' म्हटलं की तो काही करत नाही, काय काय करणार ते नुसतं सांगतो. रंगीत तालीम, नाटकासारखी.

"केली होती," ती म्हणाली. "त्यानं दाखवलंही. वडीलधारी काढणार. मला वाटलं, बरोबर, नाव बदलायचंय म्हणजे जुनं जाणारच. मी वाचलं आणि पुढे गेले."

मी टोमणा मारणार होते. जिभेवर आला होता चांगलासा. गिळला.

आता रडगाणं असं: तक्रारी कुठे गेल्या नाहीत. आहेत ढिगात, पण बिनलेबलाच्या. हजारोंत त्या कुठल्या, कसं ओळखायचं? वहीची नवी आवृत्ती यायची आहे. म्हाताऱ्यांच्या अडचणी आधी सोडवू असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्या अडचणीच सापडेनात.

"आणि नक्कल?"

"आमच्याकडे नाही."

"मग कोणाकडे?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर काय, समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाळत घातलेल्या चादरी. मी समजले. शिडीकडे. तिला सगळ्याची नक्कल उतरवून ठेवायची खोड होती. "भरवसा नाही हो आजी कशाचा," म्हणायची.

"मग कर की फोन!"

"नको. मी स्वतः शोधेन."

हट्ट माझ्याच घराण्यातला आहे. तक्रार कोणाकडे करू?

१० मार्च, मंगळवार

ती का गेली, ते सांगून टाकते. नाहीतर पोटात राहील.

म्हाताऱ्यांचं लेबल कशासाठी, कोणी कधी लावायचं, हे शिडीनं सगळ्या मंडळींसाठी मोठं लिहून ठेवलं होतं. जीव ओतून. त्याखाली मास्तरणीनं चुका काढल्या. सगळ्यांसमोर. आणि वर एक ओळ — "आधी शुद्ध लिहू, मग वृद्धांचं बघू." ती म्हणते गंमत केली. सगळे हसले म्हणे. शिडी हसली नाही.

पुढचं याहून वाईट. शिडीनं मेळबद्दल एक सूचना टाकली. नाव थोडं चुकलं, वेलांटी इकडची तिकडे झाली, तर मेळनं लगेच सोलू नये. आधी विचारावं, 'तुम्हाला हे म्हणायचंय का?' एवढंच. मास्तरणीनं त्यावर लेबल लावलं, 'करणार नाही'. राखाडी रंगाचं. असं लेबलच आहे त्यांच्यात! खाली लिहिलं, "लिहिताना नीट लिहावे." आणि तक्रार बंद.

माणसाच्या तोंडावर राखाडी कागद चिकटवावा तसं.

महिन्याभरात शिडीला दुसऱ्या गावात काम मिळालं. गेली त्या दिवशी मी आत भांडी लावत बसले. वाटलं, दोघी दारात उभ्या आहेत, बोलतील, मिटवतील, मध्ये आपण कशाला. बाहेर आले तर मास्तरीण एकटीच, आणि मागच्या खोलीचं दार उघडं. गादी उभी करून भिंतीला टेकवलेली.

दोघींनी काही मिटवलं नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या.

१४ मार्च, शनिवार

माझी नेमणूक झाली! मास्तरीण एकेक तक्रार वाचते, मी म्हणायचं 'आमची' किंवा 'आमची नाही'. शिडी माझ्याजवळ बसून, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे बसून, आणखी कुठल्याकुठल्या म्हाताऱ्यांकडे बसून अडचणी लिहायची, तेव्हा मला आठवतील असा हिशोब. पहिल्या दिवशी मजा आली.

"शिंक आली की वही पूर्णविराम देते."

"आमची! ती माझी शिंक."

"तोंडात टाचण्या धरून बोललेलं कळत नाही."

"आमची. शिंपी."

"आकडे उलटे येतात."

"आमची नाही. मला आकडे कुठे येतात, सुलटे तरी?"

मास्तरीण हसली. पण शिडीचं लिहिणं पुढे पुढे असं येत गेलं की हसू येईना. "आजी हो म्हणताना नुसती मान हलवतात. वहीला मान दिसत नाही." मी तिला कधी असं सांगितलेलं आठवत नाही. बघून लिहिलं असणार पोरीनं.

मग मास्तरीण एक वाचता वाचता अडकली. मी म्हटलं, "वाच की."

"आजी बोलता बोलता थांबतात. संपलं म्हणून नाही. आठवत असतात म्हणून. वहीनं थांबावं."

आम्ही दोघी थांबलो.

"शब्द किती चुकलेत बघ," मास्तरीण म्हणाली, पण आवाजात मास्तरकी नव्हती. "दोन ठिकाणी चुकलंय, आणि मी इथे फक्त तेवढंच बघितलं होतं. हे काय लिहिलंय ते आज वाचतेय."

१७ मार्च, मंगळवार

वाचतोच आहोत. माझे कान किटले, तिचे डोळे लाल. ढीग हलत नाही.

शिंपी जिन्यात भेटला. "काय हो, आमच्या टाचण्यांचं काय झालं?" म्हटलं, "सापडल्या, पण अजून कोणाला टोचल्या नाहीत." तो हसला. मग म्हणाला, "ती उंच मुलगी दिसत नाही. माझ्याकडे बसायची तर घाई नसायची तिला. हल्ली सगळ्यांनाच घाई."

हे मास्तरणीला सांगितलं. सांगायला नको होतं. पण सांगितलं.

१८ मार्च, बुधवार

फोन केला! संध्याकाळी, बाल्कनीत उभी राहून. दार लोटलेलं, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"मी बोलतेय... हो. मीच... बरी आहे. तू?... आजी बरी आहे. चावट आहे तशीच."

चावट म्हणे!

मग म्हणाली, "माझ्याकडून लेबल गेलं. तुझं. वेलांटीमुळे." तिकडून शिडी काय बोलली, कळायला मार्ग नव्हता. मास्तरीण शेवटी म्हणाली, "हो. हसलीस तरी चालेल."

आत आली. मी विचारलं, "हसली?"

"नाही. म्हणाली पाठवते. आणि ठेवला फोन."

१९ मार्च, गुरुवार

नक्कल आली. सगळ्या तक्रारींवर लेबल परत बसलं. दुपारभरात झालं, आम्ही इतके दिवस जे उपसत होतो ते. पाठवताना शिडीनं दोनच शब्द लिहिले म्हणे — "घे. तपासून."

लेबलाचं नाव मास्तरणीनं बदललं नाही. पहिली वेलांटी ठेवली. चुकीची. मी म्हटलं, "आता झोप लागेल का तुला?" म्हणाली, "लागली पाहिजे."

काम जुळलं. माणसं कुठे जुळली? मागच्या खोलीत गादी अजून उभीच आहे.

२५ मार्च, बुधवार

शिडीची ती जुनी सूचना मास्तरणीनं परत उघडली. राखाडी लेबल काढलं. मेळला शिकवतेय, नाव थोडं चुकलं तर आधी विचार. त्याखाली सगळ्यांसमोर लिहिलं, ही सूचना मी बंद करायला नको होती, चूक माझी. मला वाचून दाखवलं. विचारलं, "एवढं पुरे?"

मला काय विचारतेस? मी म्हटलं, "उशिरा आलेलं आहे. पुरतं का ते तिला कळेल."

शिडीनं त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं. अंगठा! आम्ही अंगठेबहाद्दर अंगठा देतो तो सहीच्या जागी, ही शिकलेली माणसं अंगठा टाकतात बोलायचं नसलं की.

पण एक झालं. वडीलधारीतली तक्रार कोणी सोडवायला घेतली की शिडीला विचारावं लागतं, म्हातारा नेमकं काय म्हणाला होता. ती येते, एक ओळ लिहिते. मास्तरीण एक ओळ लिहिते. एवढंच. पण रोज.

२ एप्रिल, गुरुवार

वाईट बातमी. अडचणी सुटतायत! शिंक सुटली. टाचण्या सुटल्या. सुटली की तक्रार बंद, आणि बंद झाली की शिडीचं येणं बंद. मास्तरीण रोज सकाळी आधी तेच बघते, आज तिची ओळ आहे का. नसली की चहा गार होतो.

परवा म्हणाली, "आजी, उरल्यात थोड्याच. मग तिला काय निमित्तानं विचारू?"

"तशीच विचार. कशी आहेस म्हणून."

"ते नाही जमत गं."

किती शुद्ध लिहिते पोरगी! आणि हे एक वाक्य लिहिता येत नाही.

४ एप्रिल, शनिवार

वहीला 'अडचण सांग' म्हटलं की ती आपण बोलू ते थेट तक्रारींच्या ढिगात नेऊन टाकते. हे मला ठाऊक होतं. आज वापरलं. सांगितलं, चहा प्यायल्यावर वही माझा आवाज ओळखत नाही, परकी बाई समजते.

खोटं. साफ खोटं.

संध्याकाळपर्यंत दोघी कामाला लागलेल्या! शिडीनं विचारलं, चहा किती गरम? मास्तरणीनं मला कप देऊन बोलायला लावलं, आधी आणि नंतर. मी आवाज जरा घोगरा काढला.

११ एप्रिल, शनिवार

आठवडा छान गेला, पाप लागलं तर लागो. मी सांगितलं, वही मला अगं म्हणते, अहो म्हणत नाही. सांगितलं, मी घोरत असताना ही काहीतरी लिहून ठेवते. त्यावर शिडीनं लिहिलं — "आजींनी घोरण्यात काय फर्मावले ते कृपया कळवावे." मास्तरीण इतकी हसली की खुर्ची मागे गेली!

मग पकडलंच मला. मास्तरीण कमरेवर हात ठेवून उभी. "आजी, चहाचं खोटं होतं ना?"

"वय झालं. आठवत नाही."

"आणि अगं-अहोचं?"

"ते खरं. तुम्ही दोघी मला मान देत नाही, वही कुठून देणार?"

तिनं तिथल्या तिथे शिडीला फोन लावला. तक्रारीखाली ओळ नाही, फोन! "अगं, आजीनं आपल्याला आठवडाभर नाचवलं!" तिकडून शिडीचं हसणं मला इथे सोफ्यावर ऐकू आलं. वर्षानं ऐकलं ते हसणं. मी पदर तोंडाशी धरला. त्यांना वाटलं मीही हसतेय.

दोघींनी मिळून नवं लेबल केलं. 'आजीची गंमत'. रंगावरून वाद झाला — शिडी म्हणे गुलाबी, मास्तरीण म्हणे पिवळा. गुलाबी झाला. मास्तरीण हरली आणि बोलली नाही! मग काळ्या खिडकीत 'मेळ लाव', आणि माझी चावटपणाची पाटी सगळ्या कपाटांत, जगभर. हे लेबल लागलं की तक्रार वाचायची, हसायचं, बंद करायची. असा नियम लिहून ठेवला.

१६ एप्रिल, गुरुवार

आता रोजचं झालंय. मी काहीतरी सोडते, दोघी फोनवर असतात, वाचतात, गुलाबी चिकटवतात. मग मला विसरून आपलंच बोलत बसतात. तासतासभर. मी कूस बदलून ऐकते.

आज शिडी म्हणाली, पुढच्या महिन्यात येईन. मास्तरीण लगेच मागच्या खोलीत गेली. गादी खाली घातल्याचा आवाज आला.

ते मधलं वर्ष मात्र गेलं ते गेलं. एका ओळीपायी. ते कुठल्या हुकमानं परत येणार?

१९ एप्रिल, रविवार

शिंप्यानं विचारलं, "हल्ली खुशीत दिसता." म्हटलं, "खोटं बोलते, तब्येत सुधारली."

२१ एप्रिल, मंगळवार

कालपासून समोरचं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधोमध पुसल्यासारखं. मास्तरणीचे कान दिसतात, चेहरा नाही. सकाळी सांगितलं तिला. शिडी फोनवर होतीच. "आजी, ही आजवरची सगळ्यात भारी!" गुलाबी लावलं. बंद केली. दोघी एकदमच हसल्या, इतक्या मोकळ्या, की मग मीही हसले.